मिठाच्या पाण्याचे समान वाटे

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात सायनस नसलेला माणूस शोधून काढणं, हे खरं संशोधन. असलेला शोधायला काय अक्कल लागते? रिक्षा स्टँडवर उभं राहून जरा मोठ्याने म्हणा, "सर्दी काही हटत नाही हो," की चार जण आपापलं नाक घेऊन पुढे येतात आणि पाचवा खिशातून बामची डबी काढतो. तरीही एका औषध कंपनीने जुनाट सायनसवरच्या फवाऱ्याची चाचणी काढली, तेव्हा आमच्या हॉस्पिटलला पेशंट जमवायला खास माणूस ठेवायला लावला. तो माणूस म्हणजे मी.

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजच्या पायऱ्या चढलं नव्हतं. बाबा चढले होते, पण खांद्यावर शिडी आणि हातात रंगाचा डबा घेऊन. पदवीनंतर मी क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा केला आणि उल्हासनगरच्या कॅम्पातल्या नाक-कान-घशाच्या एका हॉस्पिटलात कोऑर्डिनेटर म्हणून लागले. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोर डाक्टरच्या वरती हाय. डाक्टरनी काय करायचा तो ती कागद बगून सांगते." मी हे कधी खोडलं नाही. त्यात फारसं खोटं नव्हतं.

आमचे डॉक्टर दुर्बीण हातात असली की देवमाणूस. पण चाचणीच्या नियमांचं जाडजूड बाड त्यांच्या टेबलावर यायचं ते चहाचा कप ठेवायला. "तू पढ ले ना, मला फक्त सांग कुठे सही करायची," असं ते म्हणायचे. मी वाचलं, अक्षर न् अक्षर. डिप्लोमाला रोज जाऊन-येऊन शिकलेय, फुकट नाही जाऊ देणार.

तर चाचणी अशी. औषध जुनंच, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं. नवा होता तो बाटलीचा पंप. हा पंप म्हणे औषध नाकात पार वरपर्यंत, जिथून वास कळतो तिथपर्यंत नेतो. सिद्ध करण्यासाठी पेशंटांचे दोन भाग. अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना हुबेहूब तशाच बाटलीत नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे पेशंटला माहीत नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. हॉस्पिटलात कुणालाच काही माहीत नसणं ही आमची रोजची गोष्ट होती. त्याला शास्त्रीय पद्धत म्हणतात हे मला डिप्लोमात कळलं.

वास तपासायला परदेशातून एक पुस्तिका आली होती. पान नखाने खरवडायचं, नाकाजवळ धरायचं आणि चार पर्यायांतला एक सांगायचा. पर्यायांत आमच्याकडे कुणी न पाहिलेलं एक फूल, कुणी न प्यायलेलं एक सरबत आणि दोन प्रकारचं चीज. मी म्हटलं, "सर, त्यापेक्षा सुका बोंबील ठेवू या. ज्याला तो कळला नाही त्याचं नाक गेलंच समजा."

डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "बोंबील व्हॅलिडेटेड नाही."

पेशंट मात्र जमेनात. कॅम्पातली सिंधी दुकानदार मंडळी नाव ऐकून यायची, "आधी पाणी की औषध ते बोलो," असं विचारायची आणि उत्तर नाही म्हटल्यावर उठून जायची. व्यापारी माणसं, न बघता माल कोण घेईल? कंपनीकडून मुंबईहून एक तपासनीस यायचा, चाकांची बॅग ओढत. त्याला सगळे मॉनिटर म्हणायचे. तो रिकामे रकाने बघून उसासे टाकायचा. शेवटी डॉक्टर मला म्हणाले, "तुझं गाव अंबरनाथला एमआयडीसीच्या अंगाला ना? तिथे तर सगळे आजारीच असतील."

"सगळे माझे काका-मामा लागतात, सर. नातेवाईक चालत नाहीत."

"सख्खे किती?"

"सख्खा कुणी नाही."

"मग झालं. गावाला काका म्हणायचं नाही असं नियमात कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. मी तपासलं होतं.

आमच्या समोरच्या घरातला काका हा त्यातला पहिला. तो एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. नाक कित्येक वर्षं बंद, डोकं सदा जड, आणि वास तर कधी गेला हे त्यालाही आठवत नव्हतं. जमीन विकून नोकरीला लागलेली आमची बरीच माणसं अशीच. फरक इतकाच की काकाच्या कामात नाक लागतं. सॉल्व्हंटची गळती यंत्राला कळायच्या आधी माणसाच्या नाकाला कळते. काका काय करायचा, तर बाजूच्या माणसाचं तोंड बघायचा. त्याने नाक मुरडलं की हा व्हॉल्व्हकडे धावायचा. एकदा बाजूला कुणी नव्हतं. गळती झाली, काका तिच्या शेजारी उभा राहून तंबाखू मळत होता. वेळेवर दुसरा आला म्हणून निभावलं. त्यानंतर प्लांटच्या साहेबाने त्याला सांगितलं, नाक ठीक असल्याचा डॉक्टरचा कागद आण, नाहीतर पॅकिंगला जा. पॅकिंगला म्हणजे गोण्यांची तोंडं शिवायला. ऑपरेटर म्हणून मिशीला पीळ देणाऱ्या माणसाला हे मरणाहून वाईट.

"तुझे हास्पिटलात मना घे," तो मला म्हणाला. "औषध घेतो, नाक उघडतं, कागद घेतो, संपला."

"काका, उघडेलच असं नाही. म्हणून तर चाचणी."

"तू घे गो. उघडतं कसा नाय, बगतो मी."

काका येतोय म्हटल्यावर आळी आली. मी समाजमंदिरात सगळ्यांना बसवलं आणि संमतीपत्र समजावून सांगितलं. इंग्रजीत वाचलं असतं तर माना डोलावून सह्या झाल्या असत्या. पण मला शिक्षणाचा अभिमान, आणि लोकांना खरंखुरं कळलं पाहिजे हा हट्ट. मी आमच्या बोलीत सांगितलं. काकू, म्हणजे काकाची बायको, पहिल्या रांगेत होती.

"म्हंजे आमच्यातल्या अर्ध्यांना नुसता पानी?" तिने विचारलं.

"हो, मिठाचं पाणी."

"आनि कोनाला त्यो तुला पन ठाव नाय?"

"नाही."

"मंग येवरी शिकून केलास काय?"

सगळे हसले. मागून एक म्हातारा उठला. "आमचे बापाजाद्यांनी खाडीवर मीठ पिकवला. पाय सडवलं मिठागरान. आनि आता ही आपलीच पोर आमचे नाकान मिठाचा पानी घालाला आलीय!"

मी म्हटलं, नको असेल त्याने सही करू नये, जबरदस्ती नाही. मग काका उठला, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाला, "सह्या करा. आपुन बगू काय तो." सगळ्यांनी केल्या. डॉक्टर खूश, मॉनिटर तर इतका खूश की त्याने त्या दिवशी उसासाच टाकला नाही. बाटल्या वाटल्या गेल्या, प्रत्येकीवर वेगळा नंबर.

पहिल्या तपासणीला आळीतले सगळे एका टेम्पोतून आले. नाक किती बंद आहे याला शून्य ते दहा गुण द्यायचे असतात. सगळ्यांनी एकसारखे गुण दिले, थोडं बरं वाटतंय असे. मॉनिटर म्हणाला, फारच सुंदर डेटा आहे. मला तो जरा जास्तच सुंदर वाटला. चार माणसं एका चहात साखर किती यावर एकमत करत नाहीत आमच्याकडे.

त्या रविवारी मी समोरच्या घरी गेले. अंगणात खाटेवर काका, जोत्यावर आळीतली माणसं, आणि मधोमध काकू. तिच्यासमोर स्टीलचा टोप. शेजारी बाटल्या ओळीने मांडलेल्या, पंप काढून ठेवलेले. काकूच्या हातात नरसाळं होतं. कधी काळी आमच्याकडे त्याच नरसाळ्याने रॉकेल ओतत असत.

"ये, बरे टायमाला आलीस," काकू म्हणाली. "बग, तुझा पन काम सोपा केला आमी."

मग तिनेच समजावलं. नवी बाटली मिळाली की सगळ्यांनी आपापली इथे आणायची. सगळं एका टोपात ओतायचं, पळीने ढवळायचं, आणि खोकल्याच्या औषधाच्या बुचाने मोजून परत भरायचं. म्हणजे कुणाला नुसतं औषध नाही आणि कुणाला नुसतं पाणी नाही.

"नरसाला गरम पान्यान धुतलाय हां," ती पुढे म्हणाली. "आमाना समजता तेवरा."

आता हे आमच्यात का घडलं, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या गावात बोकड कापला की वाटे पडतात. पानांवर मटणाचे ढीग लावतात आणि प्रत्येक ढिगात थोडी कलेजी, थोडी चरबी, एक नळी, एक चाप असं सगळं थोडं थोडं पडलंच पाहिजे. कुणाच्या वाट्याला नुसती हाडं आली तर तीन पिढ्या भांडण चालतं. सरपंचालाही तोच वाटा, विधवेलाही तोच. ज्या गावाला हे येतं, त्याला तुम्ही सांगणार की अर्ध्यांना कलेजी, अर्ध्यांना हाडं, आणि ढीग झाकून ठेवलेत? जगभरातल्या विद्वानांनी बसून ही पद्धत काढली, पण त्यांच्यातल्या एकानेही कधी आमच्याकडे जेवायला यावं ना.

"काका, हे चालत नाही," मी म्हटलं. "आता कुणालाच पूर्ण औषध मिळत नाही. अर्धं औषध नि अर्धं पाणी, आणि वर कुणाला काय झालं हे कळायची सोयच राहिली नाही."

"अर्धा तं अर्धा," काका म्हणाला. "सगल्यांना सारका."

"तुला वास येतो का?"

काकाने माणसांकडे पाहिलं. आळीतली माणसं कामं आठवल्यासारखी उठली आणि टोपावर झाकण ठेवून काकूही आत गेली. मग तो म्हणाला, "नाय."

"मग गुण बरे का दिलेस?"

"गावची पोर हायस. नाव खराब कनाला करू तुझा? आनि मना कागद पायजेल. शेवटपरेंत ऱ्हातो, डाक्टर कागद देतो, साहेबाचे तोंडावर मारतो. तू फक्त गप ऱ्हा."

"मी सांगणार."

"कोनाला?"

"डॉक्टरांना. कंपनीला. सगळ्यांना काढून टाकतील."

तो खाटेवरून उठून माझ्यासमोर उभा राहिला. हा माणूस मला लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा. "माजी नोकरी जाईल, समजता तुला?"

"नोकरी नाही जात, पॅकिंगला जाशील. आणि खोटा कागद घेऊन प्लांटवर उभा राहिलास नि परत गळलं, तर? तुझ्या पाळीत अजून माणसं असतात. त्यांच्या बायकांना कुठला कागद दाखवणार?"

काकाने खाटेवरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "शिकून जीभ कवरी चालते गो तुझी." आणि घरात गेला. त्यानंतर समोरासमोर दारं असूनही तो माझ्याशी बोलेना.

मी सोमवारी डॉक्टरांना सांगितलं. आधी ते हसले, पोट धरून. मग त्यांना आकडे आठवले आणि हसू गेलं.

"तू बघितलंस हे कुणाला माहितीये?"

"आळीला."

"आळी काही जर्नल वाचत नाही. छोड ना. सगळ्यांना बरं वाटतंय ना? पेशंट खूश, कंपनी खूश."

"सर, बरं वाटतंय हे पण खोटं आहे. मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलंय त्यांनी."

"इतने अच्छे लोग हैं," डॉक्टर खरोखर हळहळून म्हणाले, "आणि तू त्यांना काढायला निघालीस."

मी म्हटलं, तुम्ही सही करा, नाहीतर मी तुमच्याशिवाय कळवते. नियमाचं पान उघडून कपाशेजारी ठेवलं. त्यांनी सही केली, पण त्या दिवसापासून माझ्या चहाचा कप येणं बंद झालं. मॉनिटर धावत आला. कॉम्प्युटरवर नियमभंगाचं कारण निवडायचं होतं: डोस विसरला, बाटली हरवली, बाटली फुटली, पेशंट गाव सोडून गेला. पेशंटने गावपण सोडलं नाही, असा पर्याय त्यात नव्हता. 'इतर' निवडून मी टोप, पळी, नरसाळं सगळं सविस्तर इंग्रजीत लिहिलं. मॉनिटरने ते दोनदा वाचलं आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, पळीने नीट ढवळलं होतं का? म्हणजे मिश्रण एकसारखं असेल तर..." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने बॅगची चेन लावली.

आळीतले सगळे बाद झाले. आणि मग मी गावात कुठूनही निघाले की कुणीतरी पाठीमागून बोलायचंच. "आली, मोठी सायबीन आली." "आपलीच कुराड आनि आपलाच पाय." पाण्याच्या टाकीपाशी काकू माझ्या आईला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरींना शिकवाचा नि मंग त्यांनी आपल्यालाच पकरून द्याचा." आई घरी येऊन रडली. बाबा इतकंच म्हणाले, "भिंतीला ओल असंल तर वरून रंग मारून चालत नाय."

एक मात्र मी सोडलं नाही. जे संमतीपत्र मी आमच्या बोलीत समजावलं होतं, त्यातच एक वाक्य आहे: चाचणीतून बाहेर पडल्याने तुमच्या नेहमीच्या उपचारांत खंड पडणार नाही. ते वाक्य लिहिणाऱ्याला ते कुणी मागायला येईल असं स्वप्नातही वाटलं नसेल. मी त्यावर बोट ठेवून डॉक्टरांना म्हटलं, "समोरच्या काकाला बोलवा. पेशंट म्हणून, रकाना म्हणून नाही."

"तो येईल?"

आला. माझ्या टेबलाकडे न बघता सरळ आत गेला. दुर्बीण घातल्यावर डॉक्टर पुन्हा देवमाणूस झाले. नाकात मांसाचे कोंब वाढले होते, सायनसच्या वाटा बुजल्या होत्या. नुसत्या फवाऱ्याने, अर्धा असो की पूर्ण, हे हटणारं नव्हतं. आधी गोळ्या, मग दुर्बिणीतून ऑपरेशन, मग कायमचं औषध. कामगार विम्यातून करायचं तर काकाच्या कंपनीला नाक गेल्याचं कळवणं आलं. काका बाहेर बाकावर बसून राहिला. जाताना माझ्या टेबलापाशी थांबला, पण बोलला भिंतीशी: "सांगतो साहेबाला. मीच सांगतो." आणि त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो पॅकिंगला. मिशीचा पीळ उतरला, पण गोण्या शिवायला गेला.

ऑपरेशन नीट झालं. कागदावर डॉक्टरांनी जे औषध लिहिलं ते त्याच फवाऱ्यातलं जुनं औषध, साध्या पंपाचं. आणि त्याच्या वर, पहिल्या क्रमांकावर, दोन वेळा नाक धुवायला मिठाचं पाणी. काकूने कागद माझ्याकडून वाचून घेतला, कारण वाचायला दुसरं कुणी नव्हतं.

"काय ल्हिलाय?"

"मिठाचं पाणी."

"मस्करी नको करू."

"काकू, मिठाचं पाणी हाही उपचारच असतो. सायनसला रोज लागतो."

काकूने कागद माझ्या हातातून ओढून घेतला. मग तिने आळीला ऐकू जाईल अशा आवाजात एक कचकचीत शिवी हासडली. माझ्या डिप्लोमाला होती, औषध कंपनीला होती की मिठाला, कळलं नाही. नंतर आळीतले बाकीचेही एकेक करून तपासायला आले. प्रत्येकाला मिठाचं पाणी लिहून मिळालं. खालचा मेडिकलवाला पुड्या काढता काढता हैराण. "साईं, पूरा गाँव नाक धो रहा है क्या?"

काकाला मात्र वास येईना. नाक उघडलं, श्वास चालू झाला, डोकं हलकं झालं. पण वास नाही. डॉक्टर म्हणायचे, येईल, कधीकधी वेळ लागतो, कधीकधी येतही नाही. काका गोण्या शिवत होता. नाक इमानाने धूत होता. तपासणीला आला की मला "हं" इतकं म्हणायला लागला होता.

एका दुपारी तपासणीनंतर आम्ही एकाच रिक्षात बसलो. दुसरी मिळेना म्हणून, हौस म्हणून नाही. कॅम्प सुटला आणि कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या वालधुनीचा पूल आला. ज्याने ती नदी पाहिलीय त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही पाहिली त्याने पुण्य केलंय. रिक्षावाल्याने सवयीने गळ्यातला रुमाल वर ओढला. मी ओढणी नाकाला लावली. काका रस्त्याकडे बघत बसला होता तो एकदम ताठ झाला.

"थांबव रे."

"इधर? काका, इधर कोई रुकता है क्या?"

"थांबव बोललो ना!"

रिक्षा पुलावरच थांबली, मागे हॉर्न सुरू झाले. काकाने डोकं बाहेर काढलं आणि छाती भरून श्वास घेतला. मग अजून एक. डोळ्यांतून पाणी आलं, ते वासाने की कशाने, मी विचारलं नाही.

"आये गो," तो म्हणाला, "असा वास हाय याचा? आनि तुमी रोज याच्यातून जाता?"

"भैया, चाचा ठीक हैं ना?" रिक्षावाला मला विचारत होता. मी बाई आहे हे तो घाबरून विसरला होता.

"ठीक आहेत," मी म्हटलं. "त्यांना वास येतोय."

"तो चलूँ?"

"थांब जरा," काका म्हणाला. हॉर्न वाजत राहिले. त्या पुलावर नाक उघडं ठेवून बसलेला तो एकटाच माणूस होता. "कुजलेला येतोय, वरती तेलाचा येतोय, आनि खाली सल्फरचा. आमचे प्लांटवरचा नाय, दुसऱ्यांचा. आमचा असा नाय येत."

मग तो माझ्याकडे वळला, आणि कित्येक महिन्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघून बोलला.

"उद्या साहेबासमोर व्हॉल्व्हपाशी उभा ऱ्हातो. वास येतो का नाय, खरा काय तो सांगतो. कागद नको मना. आनि तू तोंड काय झाकून बसलीस? शिकलेली ना? घे वास."